दर्शनी भिंतीमागचा कारखाना

उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात (सरकारी कागदोपत्री लंडनडेरी) फॉइल नदीवरच्या क्रेगेव्हन पुलाच्या तोंडाशी टिली अँड हेंडरसन कंपनीचा पाच मजली शर्ट कारखाना उभा होता. १८५६ सालचे हे बांधकाम जॉन गाय फर्ग्युसन या डेरीच्याच वास्तुविशारदाचे. कार्ल मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथात मालकाच्या नावानिशी उल्लेख झालेला हा कारखाना दुर्लक्षाने आणि आगींनी खिळखिळा झाला आणि २००३ मध्ये पाडला गेला. जागा पुढे वर्षानुवर्षे मोकळी पडून राहिली. अशा पाडकामांवर बोलताना दोन ठरलेले सूर लागतात. एक म्हणतो, केवढी देखणी वास्तू गेली, निदान समोरची भिंत तरी ठेवायला हवी होती. दुसरा म्हणतो, बायकांच्या पिढ्यान्‌पिढ्या जिथे नगावर मजुरी मोजत झिजल्या त्या मालकाच्या वाड्याचे कसले कौतुक, गेला ते बरेच झाले. दोन्ही सूर एकमेकांच्या विरोधात आहेत असे वाटते. पण नीट पाहिले तर दोघेही रस्त्यावरच उभे आहेत. एकाला दर्शनी भिंत आवडते, दुसऱ्याला तिचा राग येतो, आणि दाराच्या आत कोणीच शिरत नाही.

माझे म्हणणे असे की व्हिक्टोरियन काळातल्या कपडे-कारखान्याचा वास्तुइतिहास त्याच्या नकाशात आणि उभ्या छेदात (इमारत वरून खाली कापली तर आतले जे दिसेल त्या आराखड्यात) असतो. उजेड कुठून आत येतो, कापडाचे तागे कुठून वर चढतात, शिवायचे गठ्ठे कुठून खाली उतरतात, कोणता जिना कोणाचा, यंत्रे फिरवणारा शाफ्ट कुठून धावतो, ही त्या इमारतीची खरी रचना. समोरची भिंत राखून आतला भाग पोखरणे याला जतन म्हणता येत नाही. आणि कामगारांच्या नावाने इमारत पाडणे म्हणजे कामगारांच्या बाजूचा पुरावाच नाहीसा करणे आहे.

आपल्याकडे ‘जुना कारखाना’ म्हटले की डोळ्यांपुढे कापडगिरणी येते, म्हणून आधी एक फरक सांगायला हवा. सूत कातणे, कापड विणणे आणि कपडे शिवणे या तिन्ही कामांना वेगवेगळ्या इमारती लागतात. कताईला ओलसर हवा लागते, नाहीतर धागा तुटतो. इंग्लंडमधल्या लीड्स शहराच्या होल्बेक भागात जॉन मार्शलने १८४० च्या सुमारास तागाचे सूत कातण्यासाठी ‘टेंपल वर्क्स’ बांधले. त्याचा इजिप्शियन देवळासारखा दर्शनी भाग जगभर छापला गेला. पण त्या इमारतीतली खरी करामत छपरात आहे: काचेच्या घुमट्यांमधून वरून येणारा उजेड, आणि त्या घुमट्यांच्या मध्ये माती पसरून वाढवलेले गवत, म्हणजे खालच्या दालनातला ओलावा टिकेल. गवत कापायला छपरावर मेंढ्या सोडत. डिसेंबर २००८ मध्ये दर्शनी बाजूचा एक दगडी खांब ढासळला तेव्हा बातम्यांत पुन्हा इजिप्तच होता. छपराबद्दल फार थोड्यांनी विचारले.

शिवणाला ओलाव्याची गरज नाही. तिथे सगळा कारभार उजेडाचा. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा, काळ्यावर काळा, आणि टाका चुकला तर नग परत; म्हणजे मजुरी गेली. खिडकीच्या माथ्याची जमिनीपासून जेवढी उंची, तिच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच दिवसाचा उजेड बारीक कामाला उपयोगी पडतो. खिडकीचा माथा ११ फुटांवर असेल तर एका बाजूने २२ ते २७ फूट. दोन्ही बाजूंना खिडक्या दिल्या तरी इमारतीची रुंदी ५० फुटांच्या आसपास थांबते. मोठ्या कारखान्याला म्हणूनच लांबट, अरुंद आकार येतो किंवा मध्ये चौक सोडावा लागतो. ‘खिडक्यांची किती सुंदर लय’ असे पर्यटकांना सांगितले जाते ती लय या हिशोबातून आलेली आहे. तो हिशोब परवडण्यालाही कारण घडले होते: ब्रिटनमध्ये काचेवरचे उत्पादनशुल्क १८४५ मध्ये आणि विटेवरचा कर १८५० मध्ये उठला. काच आणि वीट दोन्ही स्वस्त झाल्यावर सहा वर्षांत डेरीला पाच मजली, खिडक्यांनी भरलेला शर्ट कारखाना उभा राहतो, हा काही योगायोग नाही.

उजेडानंतर वजन. कापडाचा तागा जड, शिवलेला शर्ट हलका. शिवणयंत्र मागाच्या मानाने फारच हलके आणि त्याचा हादरा कमी, त्यामुळे कापडगिरणीत लागणारी विटांच्या कमानींची जड, आग न लागणारी मजल्यांची रचना कपडे-कारखान्यात बहुधा टाळली जाई. बिडाचे पोकळ खांब, त्यांवर जाड लाकडी तुळया आणि वर फळ्या एवढ्यावर भागे. पण कटिंग खात्याची जमीन मात्र अगदी समपातळीत लागते. लांब टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचे आणि सगळे थर एकदम कापायचे. टेबल अर्धा इंच जरी कलले तरी थर सरकतात आणि तळाच्या शर्टाची बाही वरच्याहून आखूड निघते. कटिंगला अखंड लांबी हवी, मध्ये खांब नकोत. शिलाई खात्याला खांब चालतात, कारण तिथे बाकांच्या रांगा असतात. समोरासमोर दोन ओळी यंत्रे, मधोमध टेबलाखालून जाणारा शाफ्ट, आणि प्रत्येक यंत्राला पायाने दाबून तो शाफ्ट जोडायची-सोडायची सोय. इस्त्रीला वाफ आणि गॅस, म्हणजे उष्णता आणि गुदमर, म्हणून वायुवीजन. शर्टाच्या कारखान्यात त्यात आणखी धुलाई आणि खळ आली, कारण कॉलर आणि कफ ताठ करूनच माल बाहेर पडे. म्हणजे पाणी, मोऱ्या, वाळवणीच्या खोल्या. हे सगळे माहीत असलेला माणूस रिकाम्या इमारतीत शिरला तर तुळयांच्या पोटाशी राहिलेल्या बोल्टच्या भोकांवरून शाफ्ट कुठून धावत होता ते सांगू शकतो. भिंतीवरच्या काजळीवरून गॅसचे दिवे आणि जमिनीच्या झिजेवरून बाकांच्या रांगा ओळखता येतात. समोरची भिंत ठेवून बाकी सगळे फोडले की ही सारी लिपी डबराच्या ट्रकमधून निघून जाते.

दर्शनी भिंत वाचवण्याच्या बाजूने सर्वांत जड उदाहरण लीड्सचेच आहे, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पार्क स्क्वेअर हा अठराव्या शतकाच्या अखेरचा, साध्या विटांच्या घरांचा शांत चौक. त्याच्या एका कडेला १८७८ मध्ये जॉन बॅरन या तयार कपड्यांच्या कारखानदारासाठी टॉमस अँब्लरने ‘सेंट पॉल्स हाऊस’ बांधले: लाल वीट, भाजक्या मातीचे नक्षीकाम, स्पेनमधल्या मूरिश वास्तूंसारख्या कमानी, कोपऱ्यांवर मिनार. बॅरन लीड्सचा महापौर झालेला, तेव्हा खासदार असलेला माणूस. त्याला शहराच्या मधोमध मिरवायचे होते आणि त्याने मिरवले. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७६ मध्ये, बाहेरचा भाग दुरुस्त करून आत नवी कार्यालये बांधण्यात आली. भिंतवाले विचारतात, तसे केले नसते तर आज तिथे काय असते? सत्तरच्या दशकातल्या इंग्लंडमध्ये व्हिक्टोरियन व्यापारी इमारतींना फारसे वाली नव्हते. सगळी इमारत जाण्यापेक्षा निम्मी राहिली हे वाईट का?

वाईट नाही. चौकाची कड अबाधित राहिली, त्या काळच्या भाजक्या मातीच्या कामाचा एक उत्तम नमुना राहिला, आणि तो रोज हजारो लोकांना दिसतो. हे मी मान्य करतो. पण वाचलेल्या निम्म्या भागावरून काय कळते ते पाहा. बॅरनने १८५८ च्या सुमारास, फर्निचरसाठी लाकडाचे पातळ पापुद्रे कापणारी पट्टा-करवत पाहून तशीच पट्टा-सुरी कापडासाठी बनवून घेतली, असा इतिहास सांगितला जातो. यंत्र बनवणारी कंपनी लीड्सचीच ग्रीनवुड अँड बॅटली. कात्रीने एक-दोन थर कापणाऱ्या माणसाच्या जागी कापडाची अख्खी चळत एकदम कापली जाऊ लागली. आता विचार करा, कापणे एकाएकी इतके वेगाने होऊ लागले तर पुढे काय तुंबेल? शिलाई. कापलेल्या गठ्ठ्यांचे डोंगर शिवायला त्याच छताखाली तितकी यंत्रे, तितके हात बसवायचे म्हणजे जागा, पगार, देखरेख. बॅरनने त्यावर काढलेली तोड लीड्सच्या पुढच्या पन्नास वर्षांवर ठसा उमटवून गेली: शिलाईचा मोठा भाग हर्मन फ्रेंडसारख्या ज्यू शिंप्यांना कंत्राटाने द्यायचा. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची वस्ती लेलँड्स भागात दाटत गेली आणि तिथल्या घरांमधल्या, माळ्यांवरच्या खोल्यांत हे काम चाले.

सेंट पॉल्स हाऊस कशासाठी बांधले होते? कोठार आणि कापड कापण्याचे ठिकाण म्हणून. म्हणजे या मूरिश महालात तागे येत, कापले जात, गठ्ठे बांधून बाहेर जात, शिवून परत येत आणि विक्रीला निघत. ही रचना आतून दिसायला हवी होती: कापणीची दालने किती लांब, माल चढवायची जागा किती मोठी, आणि शिलाईला किती थोडी जागा. कोठार आणि कापणीच्या इमारतीला मिनार का, हा प्रश्न तेव्हाच टोचतो जेव्हा आत गेल्यावर फक्त कोठार आणि कापणीच सापडते. आत आज सगळीकडे असतात तशी कार्यालये आहेत, त्यामुळे मिनार नुसतेच छान दिसतात. वाड्याचा दिंडीदरवाजा ठेवून चौक, ओसरी, माजघर पाडले आणि ‘वाडा जपला’ म्हटले तर पुण्यात कोणी ऐकून घेईल का? (अलीकडे घेतातही म्हणा.)

आता दुसऱ्या सुराकडे. शोषणाच्या वास्तूंचे जतन कशाला, हा प्रश्न भावनिक म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. त्यामागे पुरावा आहे. लीड्समध्ये १८८९ च्या शरद ऋतूत एका मोठ्या कपडे-कारखान्यातल्या बायका संपावर गेल्या. तक्रारीचे मूळ होते यंत्रे फिरवणाऱ्या वाफेच्या शक्तीसाठी त्यांच्या कमाईतून होणारी कपात: शिलिंगामागे एक पेनी, म्हणजे कमाईचा बारावा भाग. शिवणारी बाई मालकाच्या यंत्रावर, मालकाचे कापड, मालकाच्या शाफ्टवर शिवते आणि शाफ्ट फिरवल्याचे भाडे भरते. संप फसला. त्याच वर्षी तिथे शिवणकाम करणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली, एवढाच दिलासा. डेरीतही कारखान्यांत काम करणाऱ्या बहुतांश बायका; त्यांच्या कमाईवर घरे चालली. अशा बायकांच्या नाती-पणत्या म्हणाल्या की आम्हाला त्या इमारतीचे काही सोयरसुतक नाही, तर त्यांना वारशाचे धडे देण्याचा अधिकार कोणत्याही संवर्धनवाल्याला नाही.

पण त्या बारा पेन्यांतल्या एका पेनीचा पुरावा आज कुठे आहे? मालकाच्या हिशोबवह्या मालकाकडे, संपाच्या बातम्या वर्तमानपत्रांच्या दप्तरात. शाफ्ट मात्र इमारतीत होता. एका इंजिनातून किती रांगांना शक्ती जात होती, एका शाफ्टवर किती यंत्रे, किती बायका, हे मोजता आले तर ती पेनी खर्च भरून काढत होती की निव्वळ नफा होती याचा अंदाज बांधता येतो. शोषणाचे मोजमाप इमारतीतून निघते. म्हणूनच शोषणाचा राग असणाऱ्याने तर सर्वांच्या आधी पाडकामाच्या आड यायला हवे.

याच धंद्यातली दोन नंतरची उदाहरणे हे आणखी स्पष्ट करतात. न्यूयॉर्कच्या दहा मजली अ‍ॅश बिल्डिंगच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल कंपनीचा ब्लाऊज कारखाना होता. २५ मार्च १९११ च्या आगीत १४६ माणसे मेली. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते, लोखंडी जिना कोसळला आणि अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. ती इमारत आजही उभी आहे, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वापरात आहे. तिथे उभे राहून वर पाहिले की ‘सहावा’ आणि ‘नववा’ यांतले अंतर डोळ्यांनी मोजता येते. कोणत्याही फलकाला ते जमत नाही. याउलट बांगलादेशातल्या सावर इथली राणा प्लाझा. २४ एप्रिल २०१३ रोजी ती कोसळली, ११३४ जण मेले. भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. खालची बँक आणि दुकाने बंद झाली, वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र बोलावून घेतले. दोष कुठे होता ते इमारतीच्या रचनेतूनच शोधावे लागले: बेकायदा चढवलेले मजले, वर ठेवलेले जड जनरेटर, त्यांचा हादरा. ‘सुंदर की असुंदर’ हा प्रश्न तिथे कोणाच्या मनात तरी आला असता का? मग दीडशे वर्षांपूर्वीच्या कारखान्याला तोच एक प्रश्न का विचारायचा?

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत कठीण आक्षेप अजून बाकी आहे, आणि तो दोन्ही सुरांपैकी कोणीच घेत नाही. मार्क्सने टिलींच्या कारखान्याबद्दल दिलेले आकडे असे: कारखान्यात १००० कामगार, आणि गावोगाव पसरून आपापल्या घरी काम करणारे ९०००. दहांतले नऊ जण इमारतीत कधी बसलेच नाहीत. मग नकाशा, छेद, शाफ्ट, खिडक्या यांचा सगळा अभ्यास एका दशांशाचाच इतिहास नव्हे काय? इमारत अख्खी जपली तरी ती खोटेच सांगणार: नीटनेटक्या रांगा, भरपूर उजेड, भोंग्याची शिस्त. डेरीशेजारच्या डोनेगल परगण्यातल्या एखाद्या झोपडीत चुलीच्या उजेडात कॉलर शिवणारी बाई त्यात कुठे?

हा आक्षेप मला पूर्ण खोडता येत नाही, आणि खोडावासा वाटतही नाही. पण त्याचे एक उत्तर इमारतीतच आहे. नऊ हजार माणसांना घरी काम द्यायचे तर कापलेले गठ्ठे मोजून, बांधून, गाड्यांत भरून ग्रामीण भागातल्या वाटप-केंद्रांवर पाठवावे लागतात आणि शिवून आलेला माल पुन्हा मोजून, तपासून, नाकारून आत घ्यावा लागतो. त्यासाठी गाड्यांचे आवार लागते, मोजणीची खोली लागते, तपासनिसांची टेबले लागतात, साठवणीच्या मांडण्या लागतात. हजार शिवणारांच्या कारखान्याला लागेल त्याच्या कितीतरी पट मोठी ही व्यवस्था. म्हणजे बाहेरच्या नऊ हजारांची सावली आवक-जावकीच्या जागेवर पडलेली असते. दर्शनी भिंतीवर ती कधीच पडत नाही. आणि गंमत अशी की पाडकामात सर्वांत आधी जातात त्या याच ‘किरकोळ’ मागच्या जागा: आवार, शेड, रॅम्प, मालाचा दरवाजा. वारसा-यादी करणारेही त्यांना ‘नंतरची जोड’ म्हणून वगळतात.

दुसरे उत्तर कायद्याच्या इतिहासातले. १८९१ च्या ब्रिटिश कारखाने कायद्याने बाहेर काम देणाऱ्यांना अशा कामगारांच्या याद्या ठेवणे बंधनकारक केले, आणि ४० हून अधिक माणसे असलेल्या नव्या कारखान्यांना आगीतून सुटकेच्या सोयीचा दाखला. १८९५ च्या कायद्याने माणशी किमान २५० घनफूट हवा ठरवली, जादा कामाच्या वेळी ४००. छत १२ फुटांवर असेल तर २५० घनफूट म्हणजे जमिनीचे २१ चौरस फूटही नाहीत. साडेचार फूट लांब, साडेचार फूट रुंद. त्यातच यंत्र, टेबलाचा वाटा, गठ्ठा आणि बाई. नियम कागदावर वाचला तर उदार वाटतो. खोलीत खडूने चौकोन आखून पाहिला की त्याचा अर्थ कळतो, आणि लेलँड्समधल्या आठ फुटी छताच्या माडीवर तोच हिशोब केला की कारखाना आणि घर यांच्यातला फरकही कळतो. तुलनेसाठी एक टोक तरी मूळ अवस्थेत हवे ना?

राहता राहिला पैसा. बिल्डर आणि नगरपालिका दोघांचे पालुपद ठरलेले: जुन्या मजल्यांवर भार झेपणार नाही, आगीचे नियम पाळता येणार नाहीत, म्हणून आत नवे बांधू, बाहेरची भिंत ठेवू. यातले काही खरे आहे. बिडाचा खांब दाबाला भक्कम, पण ताणाला आणि वाकण्याला कच्चा. ओतताना आतला गाभा सरकला असेल तर त्याची एक बाजू जाड, दुसरी पातळ निघते. आगीत तापलेल्या बिडावर गार पाणी पडले तर तो तडकतो. एकच अरुंद जिना असलेल्या इमारतीत शेकडो माणसे बसवता येत नाहीत, आणि बसवूही नयेत. पण याची उत्तरे अभियंत्यांकडे केव्हाची आहेत. खांबाला तीन बाजूंनी बारीक भोके पाडून जाडी मोजता येते. जो कच्चा निघेल त्याच्या शेजारी पोलाद द्यावे, सगळे उखडायची गरज नाही. जाड तुळई जळते ती बाहेरून, मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर. अर्ध्या तासात प्रत्येक बाजूने दोन-सव्वादोन सेंटिमीटर. बारा इंची तुळईचा गाभा तोवर शाबूत असतो, आणि माणसे बाहेर पडायला तेवढा वेळ, जोडीला पाण्याचे फवारे आणि एक नवा जिना पुरतो. भाराचे म्हणाल तर कार्यालयाला चौरस मीटरला २५० किलो धरतात. तागे रचण्यासाठी बांधलेले मजले बहुतेक वेळा त्याहून जास्त झेलत आले आहेत.

अशा इमारती मरतात त्या भाराने नाही, पन्हळीने. कठड्यामागे लपवलेली पन्हळ पाने आणि कबुतरांच्या विष्ठेने तुंबते, पाणी भिंतीत मुरते, भिंतीत घुसवलेली तुळईची टोके भिजून कुजतात, मजला भिंतीपासून सुटतो आणि मग मजल्यांनी बांधून ठेवलेली उंच भिंत बाहेर झुकायला लागते. या टप्प्यावर नेमका सर्वेक्षण अहवाल येतो: इमारत धोकादायक. तोवर वर्षाला दोनदा पन्हळ साफ करायला शिडी आणि दोन माणसे पुरली असती. कुजलेले टोकही कापून पोलादी पट्ट्यांत बोल्टने जोडता येते. दुरुस्तीही चुकीची होते: विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरले की भिंतीतला ओलावा सांध्यातून बाहेर पडायचा मार्ग बंद होतो, तो विटेतून पडतो आणि विटेचा चेहरा सोलवटतो. भाजक्या मातीच्या ठोकळ्यांत लोखंडी कड्या असतात; त्या गंजून फुगल्या की ठोकळा आतून फुटतो, आणि मग बाहेरून कितीही स्वच्छ धुतला तरी उपयोग नाही. वाळूच्या फवाऱ्याने धुतला तर त्याची भट्टीतली पक्की त्वचाच जाते.

आणि भिंत राखणे तरी स्वस्त कुठे आहे? मजले काढले की साठ-सत्तर फुटांची एकटी भिंत वाऱ्याला तोंड देत उभी. तिला रस्त्यात पोलादी सांगाडा लावून धरायचे, नवा पाया खणताना जुन्याला धक्का लागू द्यायचा नाही, मग नव्या मजल्यांना बांधायची. १४ फुटांचे पाच मजले म्हणजे ७० फूट. त्यात बिल्डर साडेअकरा फुटांचे सहा बसवतो. परिणाम असा की नव्या मजल्याची स्लॅब जुन्या खिडकीच्या पोटातून जाते. बाहेरून काळी काच लावून ते झाकतात. उजेडासाठी बांधलेल्या इमारतीत दिवसा ट्यूबलाइट.

मुंबईशी याचा संबंध जोडायला ओढाताण करावी लागत नाही. १८५६ साली, टिलींचा कारखाना उभा राहिला त्याच वर्षी, कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची सूतगिरणी सुरू झाली. पुढे गिरणगाव उभे राहिले आणि १९८२ च्या संपानंतर मोडत गेले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: मोकळ्या जागांसाठी, सार्वजनिक घरांसाठी आणि मालकासाठी. २००१ च्या बदलाने ते वाटे मूळच्याच मोकळ्या जागेपुरते उरले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. त्या सगळ्या लढाईत जमीन, घरे आणि हरित जागा यांची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. इमारतींच्या वाट्याला मात्र एखादी चिमणी आली, मॉलच्या अंगणात रंगवून ठेवलेली. कोणत्या खात्यात कोण बसत होते, कुठल्या दारातून कोणाला आत घेत होते, हे त्या चिमणीवरून कसे कळणार? डेरीच्या नऊ हजारांसारखे इथेही गिरणीबाहेर पसरलेले श्रम होते. खाणावळी चालवणाऱ्या बायकांनी हजारो गिरणी कामगारांना जेवू घातले आणि त्यांची चूल कोणत्याही वारसा-यादीत नाही.

म्हणून मागणी भिंतीची करू नये, खणाची करावी. दोन तुळयांमधला एक पूर्ण खण, तळापासून छपरापर्यंत, समोरच्या खिडकीपासून मागच्या आवारापर्यंत: त्यातले बिडाचे खांब, फळ्या, शाफ्टच्या खुणा, माल चढवायची जागा आणि निदान एक मूळ जिना, शक्यतो कामगारांचा. बाकीच्या भागात घरे करा, कचेऱ्या करा, तशी ती डेरीतल्या काही शर्ट कारखान्यांत झालीही आहेत. पाडायचेच ठरले तर परवानगीच्या अटींत छायाचित्रांच्या आधी उभ्या छेदाचे मोजून काढलेले आराखडे असावेत, आणि जोडीला जुने विमा-नकाशे. चार्ल्स गोडच्या कंपनीने १८८५ पासून ब्रिटिश शहरांचे असे नकाशे विमा कंपन्यांसाठी काढले. त्यांत वीट कुठे, लाकूड कुठे, किती मजले, छतावर काच कुठे हे रंगांनी दाखवलेले असते. आगीची किंमत ठरवणाऱ्यांना समोरच्या कमानींशी काही घेणेदेणे नव्हते, त्यांना आतले लाकूड मोजायचे होते. जतनाचा अहवाल लिहिणाऱ्यांनी सुरुवात तिथूनच करावी.